तांब्याच्या भांड्यातले पाणी

लेखन हे माझे काम नव्हे, हे आधीच कबूल करते. धुळ्याच्या एका माध्यमिक शाळेत मी आयुष्यभर विज्ञान शिकवले. फळ्यावर जे लिहिले ते तास संपताना स्वतःच्या हाताने पुसले, आणि पुसताना मला नेहमी हायसे वाटत असे. सदुसष्टाव्या वर्षी न पुसता येणारे काही लिहायला बसणे हा आगाऊपणाच आहे. शिवाय विषय जेवणाआधी वाचावा असा नाही. त्यात लाळ आहे, तांब्याच्या भांड्यावरचा हिरवा थर आहे आणि मी आहे. वाचकाने या तिन्हींबद्दल क्षमा करावी. नावे मात्र कोणाचीच लिहिणार नाही, आजाराचेसुद्धा नाही. ज्या डॉक्टरने त्याचे प्रथम नीट वर्णन केले, त्याचेच नाव त्या आजाराला आहे. आमच्या घरात आम्ही त्याला ‘तांब्याचा आजार’ म्हणत आलो, मीही तेच म्हणते.

माझे माहेर जळगावचे. वडील कारकून होते. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी लग्न होऊन मी धुळ्याजवळच्या एका खेड्यात आले. शाळेची नोकरी सुटली नाही. सकाळच्या एसटीने धुळ्याला जायचे आणि दुपारच्या एसटीने परतायचे. वडिलांनी रुखवतात एक तांब्याची कळशी दिली होती. जळगावच्या भांडी बाजारात तीन दुकाने हिंडून त्यांनी ती निवडली होती. ती मी रोज चिंचेने घासत असे. घरातील दुसरे काहीच मी इतक्या प्रेमाने घासले नाही.

घरात सासूबाई, माझे यजमान, त्यांच्या पाठचा भाऊ आणि सर्वांत धाकटी बहीण. सासरे माझ्या लग्नानंतर वर्षभरातच गेले. मधला एक मुलगा बारा वर्षांचा असताना कावीळ होऊन, पोटात पाणी भरून गेला होता. त्याचा फोटो देवघराशेजारी असे, आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नसे.

मी घरात आले तेव्हा दीर एकोणीस वर्षांचा होता. दहावीला त्याचे अक्षर शाळेत दाखवावे असे होते, म्हणत. मी आले तेव्हा तो सही करताना कागद फाडत असे. आधी उजवा हात थरथरायचा. मग दोन्ही हात असे हलू लागले की पाण्याचा पेला तोंडापर्यंत येईतो अर्धा सदऱ्यावर सांडे. जीभ जड झाली. आणि मग लाळ सुरू झाली.

लाळेबद्दल खरे लिहिले पाहिजे, नाहीतर बाकीचे लिहिण्यात अर्थ नाही. ती सतत वाहत असे. हनुवटीवरून गळ्यावर, गळ्यावरून सदऱ्याच्या पट्टीवर. भाकरीचा तुकडा तो तोंडात घेई तेव्हा तुकड्याला तार लागे, आणि ती तार ताटात पडे. मला किळस येत असे. त्याचे ताट मी वेगळ्या फळीवर ठेवू लागले, वेगळ्या काथ्याने घासू लागले आणि घासताना श्वास रोखून धरू लागले. तो मला ‘वहिनी’ म्हणे. तो शब्द त्याच्या तोंडून ओला होऊन येई, आणि मी काही निमित्त काढून दुसऱ्या खोलीत जाई. गल्लीतील पोरे तो येताना दिसला की ओरडत, “लाळ्या ऊना रे, लाळ्या ऊना!” मी त्यांना कधी हटकले नाही. मनात मीही त्याला त्याच नावाने ओळखत होते.

गावाने निदान फार लवकर केले: दारू. पाय अडखळतात, बोलणे समजत नाही, म्हणजे दुसरे काय? सासऱ्यांच्या दहाव्याला हे निदान सर्वांसमक्ष पक्के झाले. नदीवर पिंडाला कावळा शिवायची वाट पाहत सगळे उन्हात उभे होते. दिराचे ओठ मागे ओढले गेलेले, दात उघडे, चेहरा हसरा. तो हसत नव्हता. त्याच्या चेहऱ्याचे स्नायूच तसे आवळून बसले होते, हे मला पुष्कळ नंतर कळले. सासऱ्यांचे धाकटे भाऊ, ज्यांना सगळे नाना म्हणत आणि जे त्या दिवसापासून आमच्या घराचे कर्ते झाले, ते पुढे आले.

“बापना दहावाले दात काढस का रे?”

आणि त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली. लाळ त्यांच्या हाताला लागली. ती त्यांनी धोतराला पुसली, आणि जमलेल्यांकडे असे पाहिले की जणू अपमान त्यांचाच झाला होता. दिराचे दात तसेच उघडे राहिले. डोळ्यांतून मात्र पाणी आले. कोणी पुढे झाले नाही. मीही बायकांच्या घोळक्यात होते तिथेच राहिले.

नाना वाईट मनुष्य नव्हते. असते तर मला हे लिहिणे सोपे गेले असते. पंधरा दिवसांनी तेच उपाय घेऊन आले. दारूने पोट जळते, पोट जळले की डोके फिरते, आणि पोट धुऊन काढायला तांब्यासारखे दुसरे काही नाही, असे त्यांचे म्हणणे.

“तांबाना भांडानं पानी पाजा त्याले रोज सकायले. लिंबू पियीसन. पोट बठ्ठं धोवाई जाई.”

कळशी माझी निघाली. घरात तांब्याचे दुसरे मोठे भांडे नव्हते. संध्याकाळी पाणी भरायचे, त्यात दोन लिंबे पिळायची, सकाळी उपाशीपोटी दिराला दोन पेले द्यायचे. पहिल्या आठवड्यात कल्हईवाला गल्लीत आला. पाणी आंबट आहे, निदान आतून कल्हई करून घेऊ, असे मी चाचरत म्हणाले. नाना म्हणाले, “कल्हई नको. कल्हईखाले गुन दबाई जास.” मी पुन्हा तोंड उघडले, तेव्हा सासूबाईंनी भाकरी थापता थापता मान वर न करता सांगितले, “शाळामा शिकाडस तेवढं पुरे. घरमा मास्तरीनपना नको.”

कल्हईवाला पुढच्या गल्लीत गेला.

आता जे लिहिते ते वाचकाला कदाचित खोटे वाटेल. त्याच सहामाहीत आठवीच्या प्रश्नपत्रिकेत मी एक प्रश्न घातला होता: तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, लोणचे असे आंबट पदार्थ का ठेवू नयेत? दरवर्षी घालत असे, कारण मुलांना तो सोपा जातो. उत्तरपत्रिका मी ओट्याशेजारी बसून तपासल्या. एका मुलीने लिहिले होते, ‘आम्लामुळे तांबे पाण्यात उतरते व ते विषारी होते, म्हणून कल्हई करतात.’ मी तिला पूर्ण गुण दिले. मग उठले आणि कळशीत लिंबू पिळले. मनात काहीही खटकले नाही. ज्ञान शाळेच्या पिशवीत आणि कळशी ओट्यावर, अशी माझी वाटणी होती. सकाळी पाण्याला किंचित निळसर झाक येई. भांड्याच्या गळ्याशी आतून हिरवट कडे धरे, ते मी चिंचेने काढून टाकी आणि कळशी पुन्हा लखलखीत करी. दीर ते पाणी पिताना तोंड वाकडे करी, दोनदा त्याने ओकून टाकले. “औषध कडूच लागतं, भाऊजी,” असे मी त्याला समजावले. तिसरा पेला भरून दिला.

असे जवळजवळ वर्ष गेले. दिराच्या दंडात नानांनी तांब्याचे कडेही घातले.

दिराचे डोळे पिवळे झाले तेव्हा यजमानांनी पहिल्यांदा नानांना न विचारता निर्णय घेतला. धुळ्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि आम्ही मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो. तिथे एका तरुण डॉक्टरने दिराची हनुवटी एका यंत्रावर टेकवून त्याच्या डोळ्यांत पाहिले, मग दुसऱ्या डॉक्टरला बोलावले, मग तिसऱ्याला. बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट वर्तुळ होते. पुढे मला ते नुसत्या डोळ्यांनीही दिसू लागले. त्याआधी मी त्याच्या डोळ्यांकडे कधी पाहिलेच नव्हते, हनुवटीच्या वर माझी नजर जात नसे.

“दारू पितो का?” डॉक्टरने विचारले.

“सगळे म्हणतात,” यजमान म्हणाले.

“तुम्ही पाहिलंय?”

कोणीच पाहिले नव्हते.

“आईवडील एकमेकांच्या नात्यातले?”

सासूबाई सासऱ्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडे त्यात विशेष काही नव्हते, उलट घर जुळलेले मानत.

“घरी प्यायचं पाणी कशात साठवता?”

या प्रश्नाचे उत्तर मला येत होते. वर्गात हात वर करणाऱ्या मुलीसारखी मी पुढे झाले. “याला तांब्याच्या भांड्यातलंच देतो, डॉक्टर. रोज. लिंबू पिळून.”

डॉक्टरने हातातले पेन खाली ठेवले. तो ओरडला असता तर बरे झाले असते. त्याने अगदी शांतपणे, मी आठवीच्या मुलांना सांगावे तसे सांगितले. आपण खातो त्या अन्नात थोडे तांबे असते. शरीर हवे तेवढे घेते आणि उरलेले यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. काही थोड्या माणसांत हे बाहेर टाकण्याचे काम जन्मापासूनच नीट होत नाही. तांबे आधी यकृतात साठते, तिथे मावेनासे झाले की मेंदूत आणि डोळ्यांत. आई आणि वडील दोघांकडून तो दोष आला तरच आजार होतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत तो अधिक आढळतो. कोणात तो नुसत्या काविळीसारखा दिसतो. कोणात म्हाताऱ्यांच्या कंपवातासारखा, तर कोणात वेडासारखा. कधी फिट्सही येतात. लोक वेगवेगळी नावे देतात, मूळ एकच असते. तुमच्या पाण्यामुळे हा झालेला नाही, तो म्हणाला, पण आधीच भरलेल्या भांड्यात तुम्ही रोज दोन पेले ओतत होतात.

‘काविळीसारखा’ या शब्दाला मला देवघराशेजारचा फोटो आठवला. बारा वर्षांचा, पोट फुगलेला. यजमानांनाही आठवला असावा.

“याची भावंडं किती?” डॉक्टरने विचारले. “प्रत्येकाला चारांत एक, एवढी शक्यता. सगळ्यांना तपासा. काही दिसायच्या आधी औषध सुरू केलं तर माणूस आयुष्यभर चांगला राहू शकतो. हा उशिरा आलाय.”

तांब्याचे पाणी त्या दिवसापासून बंद झाले. यजमानांची तपासणी तिथेच झाली, ती निर्दोष निघाली. घरी सतरा वर्षांची नणंद होती.

ती मला त्या घरात आवडणारे एकमेव माणूस होती. बारावीला होती, खोडकर होती, नानांच्या चालण्याची हुबेहूब नक्कल करी. दिराची हनुवटी ती आपल्या ओढणीने पुसत असे आणि तीच ओढणी पुन्हा खांद्यावर टाकत असे. मला ते पाहवत नसे. आम्ही परतलो तेव्हा तिचे लग्न पिंपळनेरच्या एका घरात जुळत आले होते. तपासणीचे नाव काढताच सासूबाई म्हणाल्या, “आंडेरनं लगीन व्हई जाऊ दे. मंग काय तपासनं ते तपासा.” मुलीचे लग्न आधी, बाकी सगळे मागून. नानांचेही तेच मत पडले. एक पोरगा असा निघाला हे व्याह्यांना कळले तरी पुरे, त्यात मुलीला मुंबईला नेले तर सोयरीक मोडणार. दिराला त्या आठवड्यापासून मागच्या खोलीत ठेवण्यात आले. पाहुणे आले की त्या खोलीला बाहेरून कडी लागे. कडी मी लावीत असे.

मी एकच गोष्ट केली. चष्मा लागतोय का पाहू, असे सांगून नणंदेला माहेरी जळगावला नेले आणि तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना मुंबईची चिठ्ठी दाखवली. तिने हनुवटी यंत्रावर टेकवली. बाहेर बाकावर बसलेली मी तिचे हसणे ऐकत होते. डॉक्टर तिला काहीतरी गमतीचे विचारत होते. मग ते बाहेर आले, आणि त्यांनी मला सांगितले की वर्तुळ आहे. फिकट आहे, पण आहे.

रक्त-लघवीचे नमुने तिथूनच गेले आणि मुंबईच्या डॉक्टरचे पत्र आले. औषध ताबडतोब सुरू करा, ते जन्मभर घ्यायचे आहे. शेंगदाणे, तीळ कमी करा. आणि शेवटची ओळ मला अजून पाठ आहे: रुग्णाला आजाराची पूर्ण कल्पना द्यावी, कारण औषध मध्येच थांबवणे अत्यंत धोक्याचे आहे.

लग्नाला पंधरा दिवस होते. यजमानांनी पत्र दोनदा वाचले. “तिला सांगितलं तर ती लग्नाला नाही म्हणेल,” ते म्हणाले. “तिचा स्वभाव तुला माहीत आहे. ती त्यांना जाऊन सांगेल. मग जन्मभर इथेच.”

यजमानांवर सगळे ढकलून मला मोकळे होता येणार नाही. ‘जन्मभर इथेच’ हे शब्द ऐकले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काय आले, तेच सांगायला मी हे लिहायला बसले आहे. मला नणंदेचा चेहरा दिसला नाही. मला दुसरे एक ताट दिसले. वेगळ्या फळीवरचे, तार लागलेले, मी श्वास रोखून घासायचे. ते पिंपळनेरला घासले जाईल, माझ्या ओट्यावर नाही, असा विचार माझ्या मनात स्पष्ट, पूर्ण वाक्यात आला. आणि मी मान डोलावली.

टॉनिकची एक रिकामी बाटली मी उकळून वाळवली. तिच्यात मुंबईहून मागवलेल्या औषधाच्या कॅप्सूल भरल्या आणि माझ्या चांगल्या अक्षरात चिठ्ठी लिहून चिकटवली: ‘शक्तीच्या गोळ्या. रोज जेवणाआधी.’

“वहिनी, मला शक्ती कशाला?” नणंद म्हणाली. “मी काय पिंपळनेरला कुस्ती खेळायला चालले का?”

“घे गं. सासरी काम असतं.”

“आणि वास कसला येतो याला! शीः! कोंबडीचं खुराडं नुसतं!”

त्या कॅप्सूलना खरोखरच कुजक्या अंड्यासारखा वास येतो, औषधच तसे आहे. त्या वासाचा मी विचार केला नव्हता. पिंपळनेरचे घर माळकरी होते. दर महिन्याला मी बाटली भरून पाठवत राहिले आणि उलट टपाली ‘मी मजेत आहे’ असे पत्र येत राहिले. दुसऱ्या वर्षी पत्रातल्या ओळी उतरत्या होऊ लागल्या, अक्षर बारीक होऊन शेवटी एकमेकांवर चढू लागले. शाळेत मी हजारो वह्या तपासल्या होत्या. मला दिसत होते. मी स्वतःला म्हणाले, घाईत लिहिले असेल.

ती परत आली तेव्हा व्याह्यांनी तिला अंगणात सोडले आणि पाणीसुद्धा न घेता निघून गेले. उजवा हात पंखासारखा फडफडत होता. हनुवटी ओली होती. गोळ्या तिने पहिल्या चार महिन्यांतच बंद केल्या होत्या. सासू रोज म्हणे, आमच्या घरात अंड्याचा वास कुठून येतो? हिला लाज वाटली. शक्तीच्याच तर गोळ्या, नाही घेतल्या म्हणून काय होणार? पुढच्या सगळ्या बाटल्या तिने परसात पुरल्या होत्या.

मुंबईच्या त्याच डॉक्टरने तिला विचारले, “तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं?” तिने माझ्याकडे पाहिले. परतीच्या एसटीत, चांदवडच्या पुढे, पुष्कळ प्रयत्नाने शब्द गोळा करून ती म्हणाली, “वहिनी, चिठ्ठी तुझ्या अक्षरात होती.”

एवढेच. ती रागावली असती तर मला आधार झाला असता.

दीर ऐंशीचे दशक संपण्यापूर्वी गेला, मागच्या खोलीत. दहाव्याला नाना मोठ्याने रडले. नणंदेने औषध पुन्हा सुरू केले, आणि काही गोष्टी परत आल्या. ती चालते, स्वतः जेवते, बोलणे सवयीच्या माणसाला समजते. अक्षर परत आले नाही. आम्ही सारे पुढे धुळ्यात राहायला आलो. आता सासूबाई नाहीत, यजमानही नाहीत. आम्ही दोघीच आहोत. तिचे ताट मी रोज घासते. श्वास आता रोखत नाही. पण किळस गेली असे लिहिले तर तेही बाटलीवरच्या चिठ्ठीसारखेच होईल. फक्त ती आता ताटाची वाटत नाही.

कळशी मी मोडीत दिली नाही. माळ्यावर आहे, काळी पडली आहे. हे लिहीत असताना नणंद समोर बसली आहे आणि काय लिहितेस म्हणून दोनदा विचारून झाले आहे. लिहून झाले की तिला वाचून दाखवणार आहे, ते ताटाबद्दलचे वाक्यसुद्धा. ते तिला अजून माहीत नाही.

त्याआधी मला एवढेच विचारायचे आहे: लग्नाला पंधरा दिवस उरले असताना, ते पत्र तुमच्या हातात असते, तर तुम्ही तिला खरे सांगितले असते का?